चौकात विचारा

पत्रकाराकडे किस्से साठतात ते बहुतेक न छापलेल्या बातम्यांचे. कुणीतरी काहीतरी दाबलेलं असतं, आपण ते खणून काढतो, संपादक म्हणतो "राहू द्या," आणि ती बातमी चहाबरोबर सांगायचा किस्सा होऊन बसते. जालना जिल्ह्यात इतकी वर्षं बातमीदारी केल्यावर माझ्याकडे असे किस्से पोत्याने आहेत. पण अलीकडे एक वेगळंच पोतं भरायला लागलंय. त्यातल्या एकाही किश्शात कुणी काही लपवलेलं नाही. माझ्यासारख्या माणसाची अशा ठिकाणी फार पंचाईत होते.

ही माणसं 'जागल' नावाचं सॉफ्टवेअर चालवतात. शेतातली वीज कधी येईल याचा नेम नाही, म्हणून मोटरीपाशी एक डबा बसवायचा. तिन्ही फेज बरोबर आल्या की डबा मोटर चालू करतो, विहीर कोरडी पडली की बंद करतो, आणि काय झालं ते मोबाइलवर कळवतो. डब्याच्या आतला प्रोग्राम उघडा आहे. कुणीही वाचावा, वापरावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. देशोदेशीचे लोक त्यात भर घालतात आणि त्यांचं सगळं बोलणं एका वेबसाइटवर सगळ्यांसमोर चालतं. तिला ही मंडळी 'चौक' म्हणतात.

हे सुरू केलं आष्टीच्या वैशालीने. कॉलेजात असताना, वडिलांच्या मोसंबीच्या बागेसाठी. आणि मी ज्या वर्षाचं सांगतोय त्या वर्षी तिला जागल सोडावं लागणार होतं. एका मोठ्या कंपनीत, घरी बसून करायची, मनासारखी नोकरी मिळाली होती. करारात अट अशी, की बाहेरच्या कुठल्याही सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही, सल्लासुद्धा द्यायचा नाही. दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं. जागलचा निम्मा कारभार तिच्या एकटीच्या डोक्यात. आपण गेल्यावर हे डबे चालतील का बंद पडतील, हा घोर तिला लागला होता.

*

माझी या लोकांशी ओळख झाली ती भांडायला गेलो म्हणून.

केदारखेड्यात काही शेतकऱ्यांच्या मोटरी जळाल्याचा फोन आला. सगळ्यांकडे जागलचा डबा. 'फुकटच्या सॉफ्टवेअरने मोटरी जाळल्या' हे शीर्षक मी गाडीवरच जुळवलं आणि जालन्यात रईसभाईच्या दुकानात घुसलो. हा इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाला, जिल्ह्यातले डबे हाच जोडून देतो.

"याला जबाबदार कोण?" मी दारातूनच विचारलं.

रईसभाईने हातातलं काम खाली ठेवलं नाही. "मोबाइल काढा साहेब. चौकात बघा. सगळ्यात वरतीच हाय."

वरतीच होतं. 'केदारखेड्यातल्या मोटरी माझ्यामुळे जळाल्या. – वैशाली.' खाली काय बदल केला, का केला, तपासताना काय बघायचं राहिलं, आता डबा कसा बंद ठेवायचा, सगळं. त्याखाली एकाने लिहिलेलं, "हा बदल तपासायला मी होतो, मलाही दिसलं नाही. माझंही नाव घाला." त्याखाली रईसभाई: "मी डब्यात भरताना बघायला पाहिजे होतं. माझंही घाला. मोटरी मी भरून देतो."

याच जिल्ह्यात पडलेल्या भिंतीचा साधा अहवाल मिळवायला मी माहितीच्या अधिकारात अर्ज करतो, मग अपील करतो, आणि अहवाल मिळतो तेव्हा त्यात भिंत आपणहून पडलेली असते. नाव वगळावं म्हणून फोन करणारे मी खूप पाहिलेत. नाव घालावं म्हणून लागलेली रांग पहिल्यांदाच पाहत होतो.

"मग मी छापू काय आता?" मी विचारलं.

"छापा ना. फक्त डबा कसा बंद करायचा ते तुम्ही लोक खाली टाकता. ते वरती घ्या. लोकांना तेच पाहिजे."

त्या दिवशी माझ्या बातमीचं संपादन एका दुरुस्तीवाल्याने केलं, आणि ती खरंच बरी झाली.

*

पुढे माझ्या मेव्हण्याने शेतात डबा बसवला. एकदा त्याच्या मोबाइलवर काहीतरी विचित्र संदेश यायला लागला. मी रईसभाईला फोन लावला.

"माहीत हाय मला काय झालंय ते," तो म्हणाला, "पन फोनवर सांगनार न्हाई. चौकात विचारा."

"अरे, एका वाक्याचं काम आहे."

"मंग तिथं पण एकच वाक्य लिहीन."

माझं डोकं फिरलं. आयुष्यभर लोकांनी मला कानात सांगितलं म्हणून माझं घर चाललं, आणि हा मला चारचौघांत विचारायला लावतोय. मी रागारागात चौकात लिहिलं: अशी अशी अडचण आहे, श्री. रईसभाईंना उत्तर ठाऊक आहे, परंतु ते देत नाहीत.

त्याने लगेच उत्तर दिलं. आणि त्याच्या खाली वांजिरूने लिहिलं. ही केनियातली बाई, स्वतःचा भाजीपाल्याचा मळा सांभाळून प्रोग्रामिंग करते. तिने विचारलं, "डबा जुना आहे की नवा? रईसचं उत्तर जुन्यासाठी आहे. नव्यात तसं केलं तर फ्यूज उडेल."

मेव्हण्याचा डबा नवा होता.

थोड्या वेळाने रईसभाईचाच फोन. "बघा साहेब, फोनवर बोललो असतो तर फ्यूज उडाला असता, आन् मी वर्षभर सगळ्यांना हेच चुकीचं सांगत राह्यलो असतो. सगळ्यांसमोर चूक निघाली. बहोत बरं झालं."

त्याला खरोखर आनंद झाला होता. असा आनंद मी आमच्या प्रेस क्लबात आजवर कुणाच्याही चेहऱ्यावर पाहिलेला नाही. माझ्याही.

*

भाषेवरून एकदा ठिणगी पडली.

एका शेतकऱ्याने चौकात लांबलचक मराठीत अडचण लिहिली. फिनलंडचा एक गृहस्थ, जुना आणि कामाचा, त्याने नम्रपणे सुचवलं की सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत लिहावं. आमचे केशव मास्तर तापले. मास्तर अंतरवाली सराटीचे, शाळेत शिकवतात आणि जागलची माहितीची पानं मराठीत लिहितात. त्यांनी खरमरीत उत्तर रचायला घेतलं. मी शेजारीच होतो. विशेषणं पुरवत होतो.

आमचं उत्तर पुरं व्हायच्या आत वांजिरूने चौकात एक मोठा मजकूर टाकला. अख्खा स्वाहिलीत. मागोमाग मेक्सिकोतल्या लिंबाच्या बागवाल्याने स्पॅनिशमध्ये एक. मास्तरांनी आपलं खरमरीत उत्तर बाजूला ठेवलं आणि ज्वारीच्या भाकरीवर चार ओळी लिहून पाठवल्या, मराठीत. अडचणीचं सगळे विसरूनच गेले.

दुसऱ्या दिवशी त्या फिनलंडवाल्याने स्वतःच्या भाषेत लिहिलं. आम्ही मशीनकडून भाषांतर करून घेतलं. ते असं होतं:

"मी इथे इतकी वर्षं इंग्रजीत लिहितो. आज पहिल्यांदा मला जे म्हणायचं आहे ते पूर्ण म्हणता आलं. तुमच्या मोटरीची अडचण मी काल सोडवली, उत्तर खाली आहे."

तेव्हापासून चौकात ज्याला जी भाषा येते ती चालते, भाषांतर मशीन करतं. मास्तरांनी ते विशेषणांचं उत्तर मला परत दिलं. म्हणाले, "तुमच्या कामाचं हाय. ठिवा."

*

मग एका दुकानदाराचं प्रकरण. जालन्यातच त्याने जागलसारखा हुबेहूब डबा स्वतःच्या नावाने विकायला काढला. लेबल त्याचं, खोकं त्याचं, आतला प्रोग्राम मात्र वैशालीचा. मला कळल्यावर मी पेटलो. ही सरळ चोरी. वैशालीला म्हटलं, तू चल, मी फोटोग्राफर घेतो.

ती आली. तिने एक डबा मागितला, झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिली. दुकानदाराला घाम फुटला होता. माझा फोटोग्राफर मुद्दाम त्याच्या घामाचा फोटो घेत होता.

"ताई, मी बंद करतो विकायचं," दुकानदार म्हणाला.

"का? विका की. परवानगी आहेच. आत काही बदललं असेल तर ते सगळ्यांना दाखवायचं, एवढीच अट आहे." मग बोटाने दाखवून म्हणाली, "हे इथं काय जोडलंय तुम्ही?"

"ते होय... आपल्याकडं वीज येताना झटका देती. डबे जळायचे. म्हणून एक बारका भाग लावला."

"कधीपासून?"

"दीड-दोन वर्षं झाली. एक न्हाई जळाला परत."

वैशाली खालीच बसली. "काका," ती मला म्हणाली, "आम्ही इतके दिवस हेच शोधतोय."

त्या आठवड्यात तो बदल मूळ जागलमध्ये गेला, दुकानदाराच्या नावासकट. त्याने ते पान छापून, फ्रेम करून गल्ल्यामागे गणपतीच्या शेजारी लावलंय. आणि मी, चोर पकडायला गेलेला माणूस, त्याच्याकडचा चहा पिऊन परत आलो. चहा चांगला होता, हे मी नाइलाजाने नमूद करतो.

*

दिवाळी जवळ यायला लागली तसा वैशालीने डोकं रिकामं करायचा कार्यक्रम लावला. दर रविवारी ऑनलाइन बसायचं. पद्धत तिची उलटी. ती समजावणार नाही. इतरांनी तिच्या प्रोग्रामचा एकेक भाग तिलाच समजावायचा आणि तिने फक्त बरोबर किंवा चूक म्हणायचं. "मी समजावलं तर तुम्ही माना डोलवाल," ती म्हणायची.

एका रविवारी मेक्सिकोवाल्याची पाळी होती. वीज आल्यावर मोटर चालू करण्याआधी डबा सात सेकंद थांबतो. ते सातच का, यावर त्या माणसाने आकृत्या काढून आणल्या होत्या. लाइनमधला दाब कसा स्थिरावतो, सहा का पुरत नाहीत, आठ कसे वाया जातात. ऐकताना मलासुद्धा वाटलं की निसर्गाने हा आकडा ठरवून ठेवलाय. वांजिरू टिपून घेत होती. रईसभाई तर म्हणाला, "सुभानल्ला."

सगळे वैशालीच्या 'बरोबर'ची वाट बघत होते.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी तेव्हा सेकंड इयरला होते. काहीतरी आकडा टाकायचा होता. सात टाकला."

मेक्सिकोवाल्याने आकृत्या खाली ठेवल्या. मग त्याने विचारलं, "म्हणजे बदलला तर चालेल?"

"इतकी वर्षं मी वाट बघतेय कुणीतरी हे विचारायची."

*

शेवटी राहिली चावी. चावी म्हणजे कुठला बदल जागलमध्ये घ्यायचा आणि कुठला नाही, हे ठरवायचा अधिकार. तो इतके दिवस एकट्या वैशालीकडे होता. तिने जाहीर केलं की आता तो दोघांकडे राहील, रईसभाई आणि वांजिरू. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तपासल्याशिवाय आत जाणार नाही.

यावर मी स्वतः भांडलो. म्हटलं, जालना जिल्ह्याच्या मातीत उगवलेली वस्तू, आणि तिची चावी केनियातल्या बाईकडे? तिला तू कधी भेटलीस तरी का?

"नाही भेटले."

"मग तिच्यावर भरवसा कसा?"

"काका, तिने आजवर केलेली प्रत्येक चूक मला माहीत आहे. माझी तिला माहीत आहे. तुमच्या ऑफिसातल्या कुणाबद्दल तुम्हाला एवढं सांगता येईल का?"

मी रईसभाईकडे बघितलं, की हा तरी आपल्या बाजूने बोलेल. तो म्हणाला, "साहेब, मला तर ती रोज चुका दाखवती. घरच्यासारखीच झाली."

*

वैशाली नोकरीवर रुजू झाली, त्यानंतरच्या थंडीतली गोष्ट. आष्टीला एका कामासाठी गेलो होतो, दुपारी तिच्या घरी डोकावलो. ती ओट्यावर उन्हात लॅपटॉप घेऊन बसलेली. तिचे वडील, आबा, शेतातून तणतणत आले.

"आगं, मोटर चालू व्हती आन् लगीच बंद. मोबाइलवर म्हणतंय, विहीर कोरडी. मी आत्ता बघून आलो, हात घातला तर पाणी लागतंय."

वैशालीने मान वर केली आणि परत खाली घातली.

"तूच केलंय ना हे? मंग सांग की."

"आबा, सही केलीय मी. सांगता येत नाही."

"कंपनीला कोण सांगून राह्यलंय? मी बाप म्हणून विचारतो."

"बाप म्हणून चहा मागा."

आबांनी माझ्याकडे बघितलं, "बघा पत्रकारसाहेब," म्हणाले, आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून मोबाइलमध्ये मोठ्याने बोलायला लागले. चौकात मराठी उमटत गेली. पहिल्यांदा रईसभाईचं उत्तर आलं, वायर हलवून बघा. आबा शेतात जाऊन आले. न्हाई. मास्तरांनी विचारलं, कुठला दिवा लागतो? आबा परत गेले, परत आले. हिरवा.

वैशाली माझ्या शेजारी. तिचा पाय हलायचा थांबत नव्हता. शेवटी हळूच म्हणाली, "माझीच चूक आहे. विहीर कोरडी ठरवायचा आकडा मी चढा ठेवला. तो खाली आणला की झालं."

मी खिशाकडे हात नेला. तिने माझा मोबाइल काढून घेतला आणि पालथा ठेवला. "तुम्हीही लिहायचं नाही."

एवढ्यात वांजिरूचा प्रश्न आला: "मोटर पाणी ओढते. ते जातं कुठे?"

आबा भडकले. "कुठं म्हंजे? बागेत जातं!"

"सगळ्या बागेत?"

आबांचं बोट मोबाइलवर तसंच राहिलं. मग सावकाश बोलले, "न्हाई. निम्मी बाग ताणावर सोडलीय. तिकडचे व्हॉल्व्ह बंद हायेत."

वैशालीने कपाळाला हात लावला.

मोसंबीला बहर धरायचा तर आधी झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण म्हणतात. झाड तहानेलं की पानं गाळतं, आणि मग पाणी सोडलं की फुलून येतं. आबांनी हे सगळं वांजिरूला सांगितलं, चांगलं रंगवून, जणू ताण त्यांनीच शोधून काढलाय. निम्मे व्हॉल्व्ह बंद, म्हणून पाणी कमी जातंय. पाणी कमी, म्हणून मोटरीवर ओझं कमी. आणि ओझं कमी दिसलं की डबा समजतो विहीर आटली.

"जन्मापासून बघतेय मी ताण," वैशाली म्हणाली. "आणि लिहिताना डोक्यात आलाच नाही." मग माझ्याकडे वळून, "माझं ऐकून आकडा खाली आणला असता ना काका, तर विहीर खरोखर आटली असती तेव्हा मोटर जळाली असती."

वांजिरूने दुरुस्ती लिहिली. रईसभाईने दुकानात डब्यावर चालवून बघितली, एक खोट काढली, तिने ती सुधारली, आणि मग दोघांनी मंजुरी दिली. डब्यात एक नवं बटण आलं. त्याला नाव काय द्यावं म्हणून तिने विचारलं होतं, तिच्या कुठल्याच भाषेत हा शब्द नाही. म्हणून आता जगभरात जिथे जिथे जागल आहे तिथे त्या बटणाचं नाव ताण आहे. आबांची मोटर चालू झाली. वैशाली ऐकत बसली.

काही दिवसांनी मी परत आष्टीला गेलो होतो. जेवायची वेळ. वैशालीने ताटं वाढली, पण आबा ओट्यावर, मोबाइल तोंडापाशी धरून. तिने दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा बाहेर येऊन म्हणाली, "आबा, भाकरी गार होतेय."

"थांब जरा," आबा म्हणाले. "त्या मेक्सिकोवाल्यानं लिंबाचं पाणी तोडून टाकलंय. परत कवा सोडायचं, ते त्याला कुणी सांगितलंच न्हाई."